आधी रेघ, मग यंत्र: सायकलच्या मार्गासाठी सॉफ्टवेअर आणि जीपीएस निवडताना

प्रश्न थोडक्यात असा: पाच-सहा जणांची आठवडाभराची सायकल सहल ठरते आहे. बराचसा रस्ता डांबरी, काही भाग कच्चा. मार्ग कशावर आखावा, फोनवर भागेल की सायकलचं वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं, आणि सगळ्यांकडे नेमका तोच मार्ग कसा पोचवावा?

यंत्राच्या खरेदीपासून सुरुवात करण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण तिथे तुलना करायला आकडे असतात. मी मात्र ते नंतर घेणार आहे. भर उन्हात वाळूतून सायकल ढकलावी लागते, पुढचा रस्ता बंद फाटकापाशी संपतो, दिवस मावळताना न मोजलेला चढ समोर उभा राहतो. या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा घरी बसून आखलेल्या रेघेत असतं. महागडं यंत्र चुकीची रेघ फार तर जास्त स्पष्ट दाखवतं.

कोमूट, राइड विथ जीपीएस, स्ट्राव्हा, बीराउटर अशा सायकलच्या मार्ग-आखणीच्या बहुतेक सेवा ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर उभ्या आहेत. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा स्वयंसेवक भरतात. त्यामुळे दोन ॲपमध्ये नकाशा कुणाचा चांगला, अशी तुलना करताना पुष्कळदा आपण नुसते रंग ताडून बघत असतो. खालची माहिती एकच. फरक पडतो तो त्या माहितीचा अर्थ कोण कसा लावतं यात.

या नकाशात रस्त्यांना टॅग जोडलेले असतात: पृष्ठभाग डांबरी की खडीचा, गुळगुळीत किती, सायकलला परवानगी आहे का. शेतातल्या, रानातल्या रस्त्यांना ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी प्रतवारी असते. ग्रेड १ म्हणजे पक्का किंवा घट्ट दाबलेला. ग्रेड ५ म्हणजे नुसती माती किंवा गवत. पावसात चाक रुतणार हे धरूनच चालायचं. हे टॅग भरलेले असले की सॉफ्टवेअर हुशार वाटतं. नसले की ते अंदाज बांधतं, आणि अंदाज बांधलाय हे ठळकपणे सांगत नाही. म्हणून मार्ग आखून झाला की मी एकूण अंतराच्या आधी पृष्ठभागाच्या पट्टीत ‘अज्ञात’ किती किलोमीटर आहे ते बघतो. ८० किलोमीटरच्या दिवसात अज्ञात २ असेल तर सोडून द्या. २० असेल तर तो दिवस अजून आखलेलाच नाही असं समजा.

ते अज्ञात तुकडे एकेक करून तपासायचे. उपग्रहाच्या छायाचित्रात डांबराचा आणि मातीचा रंग वेगळा कळतो, पण छायाचित्र काही वर्षांपूर्वीचं असू शकतं आणि झाडीखालचा रस्ता त्यात दिसतच नाही. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूवर किंवा मॅपिलरीवर रस्त्यावरून घेतलेला फोटो सापडला तर सोन्याहून पिवळं. तारीख तेवढी बघा. तिसरा पुरावा म्हणजे स्ट्राव्हाचा हीटमॅप, म्हणजे ॲप वापरणाऱ्यांच्या नोंदवलेल्या रेघा जिथे दाट तिथे उजळणारा नकाशा. लोक कुठून जातात हे तो इतकं खरं सांगतो की २०१८ च्या जानेवारीत दुर्गम भागांतले लष्करी तळसुद्धा जवानांच्या धावण्याच्या रेघांमुळे त्यावर उजळलेले सापडले होते. पण इथून माणसं गेली, एवढंच तो सांगतो. ती रुंद टायरची माउंटन बाइक घेऊन गेली का, फक्त उताराच्या दिशेने गेली का, हे त्यात नसतं. जंगलातली पायवाट हीटमॅपवर झळकते म्हणून सामान लादलेली सायकल तिथून वर चढेल असं नाही. याच्या उलटही खरं आहे. ज्या भागात ॲप वापरणारेच कमी, तिथला उत्तम डांबरी रस्ताही अंधारात राहतो.

आता सॉफ्टवेअरची नावं. पहिल्यांदाच आखणी करणाऱ्याला मी कोमूट सुचवतो. सायकलचा प्रकार निवडला की तसा रस्ता येतो आणि पृष्ठभागाची टक्केवारी समोर दिसते. हाच मार्ग रोड बाइक, टूरिंग आणि ग्रॅव्हल अशा तिन्ही प्रकारांत काढून बघा. तिन्ही रेघा एकाच रस्त्याने जात असतील तर निर्धास्त राहा. जिथे फाटतात तिथे काहीतरी आहे, तिथेच नकाशा मोठा करून बघायचा.

गटाची जबाबदारी तुमच्यावर असेल तर राइड विथ जीपीएस जास्त उपयोगी. रेघ मधूनच कापणं, दोन दिवस जोडणं, वळणांची यादी हाताने दुरुस्त करणं, ‘पुढे ३० किलोमीटर पाणी नाही’ अशी स्वतःची सूचना नेमक्या जागी टोचणं, ही कामं तिथे सोपी आहेत. बीराउटर मोफत आणि मुक्त स्रोत आहे, दिसायला रुक्ष आहे आणि माझं सर्वांत आवडतं आहे. तो चढ-उताराचा हिशोब धरून रस्ता निवडतो, एकाच मार्गाचे पर्याय काढून देतो, आणि कशाला किती टाळायचं याचे नियम तुम्ही स्वतः बदलू शकता. अँड्रॉइडवर ओस्मँड किंवा लोकस मॅप या नकाशा-ॲपच्या जोडीला तो इंटरनेटशिवायही चालतो. मी कच्ची रेघ त्यावर काढतो आणि सूचना, पाणी, दुरुस्तीची दुकानं वगैरे भरायला ती दुसरीकडे नेतो.

गूगल मॅप्सबद्दल विचारणारे खूप असतात. दुकान, मुक्काम, रेल्वे स्थानक शोधायला त्याला तोड नाही. पण सायकलचे मार्ग ते सगळ्या देशांत देत नाही, पृष्ठभागाबद्दल फारसं बोलत नाही, आणि फोनवरच्या ॲपमध्ये बाहेरून आणलेली जीपीएक्स फाइल (मार्गाची रेघ साठवणारी फाइल) घालून तिच्या मागे जाण्याची सोय नाही. शोधाशोधीपुरतं वापरा.

सदस्यत्व घ्यावं का, याचं उत्तर आज दिलं तर उद्या शिळं होईल, कारण फुकट काय आणि पैसे भरून काय हे सतत बदलतं. कंपन्याही हात बदलतात. कोमूट २०२५ मध्ये विकली गेली. २०२० च्या जुलैमध्ये रॅन्समवेअर हल्ल्यामुळे, म्हणजे खंडणीसाठी संगणक अडवून धरणाऱ्या हल्ल्यामुळे, जीपीएस यंत्रं बनवणाऱ्या गार्मिनच्या ऑनलाइन सेवा काही दिवस बंद होत्या, आणि यंत्रातली राइड घरच्या संगणकावर उतरवायला लोकांना यूएसबी केबल शोधावी लागली होती. तुमचा मार्ग कुणाच्या तरी सर्व्हरवर आहे म्हणजे तुमच्याकडे आहे, असं समजू नका. आखणी पूर्ण झाली की फाइल उतरवून संगणकावर आणि फोनवर ठेवा.

चढाच्या आकड्यावर जरा थांबायला हवं, कारण सहलीचे दिवस बहुतेक त्याच्यावरच बेतले जातात. एकच मार्ग दोन ठिकाणी घातला की एक म्हणतं ९०० मीटर चढ, दुसरं म्हणतं १२००. खोटं कुणीच बोलत नाही. उंचीची माहिती बऱ्याच ठिकाणी २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर अंतराळयानाने ११ दिवसांत केलेल्या रडार सर्वेक्षणातून येते. त्यात जमिनीचे साधारण ३० मीटरचे चौकोन आहेत आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची. डोंगराच्या कुशीतून कापून काढलेला रस्ता त्या चौकोनापेक्षा कितीतरी अरुंद. रेघ जराशी वरच्या अंगाला सरकली की कड्याची उंची मिळते, खालच्या अंगाला सरकली की दरीची. प्रत्यक्षात सपाट असलेल्या रस्त्याचा आलेख त्यामुळे करवतीसारखा दिसतो आणि तो प्रत्येक दाता बेरजेत जातो. पुलावर रस्ता नदीत उतरतो, बोगद्यात डोंगर चढतो. हे दाते घासून काढण्याची प्रत्येक सॉफ्टवेअरची रीत वेगळी, म्हणून बेरीज वेगळी. काही प्रदेशांत आता लेझरने मोजलेली कितीतरी बारीक माहिती मिळते आणि तिथे आकडे बरेच जवळ येतात.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. सगळे दिवस एकाच सॉफ्टवेअरमध्ये मोजा. ओळखीच्या एखाद्या कठीण दिवसाचा मार्गही त्यातच घाला आणि नवे दिवस त्याच्याशी ताडून बघा. आकडा खरा किती हे मग महत्त्वाचं राहत नाही. दुसरं, बेरजेपेक्षा आलेख वाचा. ५ किलोमीटरमध्ये २५० मीटर म्हणजे सरासरी ५ टक्के, ऐकायला सोपं. पण मधला एक किलोमीटर सपाट असेल तर उरलेल्या ४ किलोमीटरला सव्वासहा टक्के पडतात, आणि त्यातही एखादं वळण १२ टक्क्यांचं निघालं तर सामानासकट उतरून चालावं लागेल. मोठ्या हमरस्त्यावर मध्येच २५ टक्क्यांचा सुळका दिसला तर मात्र घाबरू नका. तिथे बहुधा बोगदा किंवा पूल आहे.

पुढचा मुद्दा फाइलचा. इथे माणसं सर्वांत जास्त फसतात. जीपीएक्स हा प्रकार २००२ पासून आहे आणि आजही चालणारी १.१ ही आवृत्ती २००४ ची. त्याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात: वेपॉइंट म्हणजे सुटे ठिपके, रूट म्हणजे मोजक्या ठिपक्यांची साखळी, आणि ट्रॅक म्हणजे रस्त्याच्या प्रत्येक वाकणावर ठिपके असलेली दाट रेघ. रूट दिला तर मधले रस्ते यंत्र स्वतःच्या नकाशावरून आणि स्वतःच्या आवडीनिवडीप्रमाणे शोधतं. तुम्ही तासभर खपून टाळलेला महामार्ग तिथे आपसूक परत येतो. ट्रॅक दिला तर यंत्राला शहाणपणा दाखवायला जागा उरत नाही. निर्यात करताना पर्याय असेल तर नेहमी ट्रॅक घ्या.

ट्रॅकमध्ये ‘डावीकडे वळा’ अशा सूचना सहसा नसतात. काही यंत्रं रेघ आपल्या नकाशावर बसवून त्या तयार करतात, काही करत नाहीत. सूचना फाइलमध्येच हव्या असतील तर टीसीएक्स किंवा फिट हा प्रकार निवडा. यंत्राच्या सेटिंगमध्ये मार्ग पुन्हा मोजण्याचा पर्याय असतो. आखलेल्या मार्गासाठी तो बंद ठेवा किंवा निदान विचारून करू द्या. नाहीतर चहापाण्यासाठी रस्ता सोडलात की यंत्र तुम्हाला रेघेवर परत आणण्याऐवजी थेट शेवटच्या ठिकाणी न्यायला निघतं.

जाता-येता एकच रस्ता असेल किंवा मार्ग स्वतःलाच ओलांडत असेल तर तिथे बरीच यंत्रं गोंधळतात. जाताना परतीच्या रेघेवर उडी मारतात आणि ‘४ किलोमीटर उरले’ असं आनंदाने सांगतात. अशा दिवसाची फाइल सर्वांत दूरच्या टोकाला कापून दोन करा. जुन्या यंत्रांत ठिपक्यांच्या संख्येवर मर्यादा असते. तिथे रेघ विरळ करावी लागते, पण इतकी नको की घाटातली वळणं सरळ होऊन दरीतून जातील.

हे सगळं जुळलं की यंत्र निवडणं बरंच सोपं होतं. पहिला प्रश्न: त्यात खरा नकाशा आहे की रिकाम्या पडद्यावर नुसती रेघ? नुसत्या रेघेची यंत्रं स्वस्त आणि टिकाऊ असतात, आणि मोकळ्या रस्त्यावर चांगल्या ट्रॅकसोबत पुरतात. पण शहरात पाच रस्ते एकत्र येतात तिथे, किंवा रस्ता खोदलेला असतो आणि वळसा घालावा लागतो तिथे, आजूबाजूला काय आहे हेच कळत नाही. अनेक दिवसांच्या सहलीला मी नकाशा असलेलंच यंत्र घेईन. गार्मिन एज, वाहू एलेमंट, हॅमरहेड कारू या तीन घराण्यांत ते मिळतं; ब्रायटन आणि आयजीपीस्पोर्टचीही काही मॉडेलं आहेत. गार्मिनमध्ये ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले इतरांचे नकाशेही घालता येतात; परक्या देशात जाणाऱ्याला हे सोयीचं पडतं.

दुसरा प्रश्न बटणांचा. पावसाचे थेंब स्पर्शपडद्याला बोटासारखेच वाटतात आणि हातमोजे घातलेलं बोट त्याला बोट वाटत नाही. नकाशा सरकवायला मात्र स्पर्श सोयीचा. एज ५४० ला फक्त बटणं आहेत, ८४० ला दोन्ही; दोघांच्या किमतीतला फरक मुख्यतः याच सोयीचा. मला बटणं पुरतात.

उन्हात वाचता येणारा पडदा रंगांच्या झगमगाटापेक्षा मोलाचा. काही पडदे बाहेरचाच प्रकाश परावर्तित करतात. ते दुकानातल्या दिव्याखाली फिके दिसतात आणि भर दुपारी उठून दिसतात. फोनच्या पडद्याचं याच्या बरोबर उलट. चढ किती उरला हे दाखवणारी सोय गार्मिनमध्ये क्लाइंबप्रो, कारूमध्ये क्लाइंबर आणि वाहूमध्ये समिट या नावाने येते. ती मी चैन मानत नाही, सामान घेऊन चढणाऱ्याला दम कसा राखायचा ते तिच्यावरून ठरवता येतं. होकायंत्र आहे का तेही बघा. नसेल तर चौकात थांबल्यावर नकाशा कोणत्याही दिशेला तोंड करून बसतो आणि चार पावलं पुढे गेल्याशिवाय सरळ होत नाही.

दोन फ्रिक्वेन्सींवर, म्हणजे १५७५.४२ आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झवर, चालणाऱ्या जीपीएस रिसीव्हरची जाहिरात आज सगळेच करतात. उंच इमारतींमध्ये किंवा अरुंद दरीत भिंतींवरून परतून आलेल्या संकेतांनी जागा चुकते, तिथे याचा खरोखर उपयोग होतो. मोकळ्या आभाळाखाली साधा फोनही सुमारे ५ मीटरच्या आत जागा सांगतो, आणि वळण ओळखायला तेवढं पुष्कळ झालं. वळण चुकतं ते जास्त करून पडदा उशिरा ताजा झाल्यामुळे. बॅटरी जास्त खात असेल तर ही सोय बंद ठेवायला हरकत नाही.

उंचीसाठी यंत्रात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असावा, उपग्रहावरून मिळणारी उंची फार डळमळते. समुद्रसपाटीजवळ १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण ८ मीटर. वादळ येताना दाब ५ ने उतरला तर तुम्ही जागचे न हलता ४० मीटर चढता. याचा एक उपयोग आहे: रात्रीत तंबूची उंची वाढलेली दिसली तर पावसाची तयारी ठेवावी.

बॅटरीचे जाहिरातीतले तास पडदा मंद ठेवून मोजलेले असतात असं धरा. नकाशा, प्रकाश आणि सेन्सर चालू असताना ते बरेच खाली येतात, थंडीत आणखी. दिवसा चालवून रात्री चार्ज करणाऱ्यांना याची चिंता नाही. १२०० किलोमीटर ९० तासांत संपवायला लावणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससारख्या राइडला मात्र चालता चालता चार्ज करावंच लागतं. तेव्हा केबल जोडलेली असताना पाणी आत जाईल का ते बघा. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे कागदावर ३७ वॉट-तास. हातात त्याहून कमी येतात. चाकाच्या तुंब्यातला डायनॅमो ३ वॉट देतो, पण चढावर वेग मंदावला की तोही रुसतो. वीज दुर्मीळ असलेल्या भागात मला अजूनही गार्मिनची जुन्या वळणाची, हातात धरायची ईट्रेक्स यंत्रं आवडतात. ईट्रेक्स ३२एक्ससारखं मॉडेल दोन एए सेलवर सुमारे २५ तास चालतं.

मग फोन? दुय्यम म्हणून हिणवण्यासारखा तो मुळीच नाही. ओस्मँडमध्ये त्या प्रदेशाचा नकाशा आधीच उतरवून घ्या, ट्रॅक घाला, पडदा बंद ठेवून आवाजी सूचनांवर चालवा. दिवस निघून जातो. पडदा सतत चालू ठेवून हँडलबारवर लावला की अडचणी सुरू होतात. उन्हात तो तापतो आणि स्वतःहून मंद होतो, पावसात हाताला दाद देत नाही. मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते असं ॲपलने २०२१ मध्ये सांगितलं होतं. सायकलचा हादरा वेगळा असला तरी खडीच्या रस्त्यावर दिवसच्या दिवस महाग फोन कडक माउंटवर लावायला मी धजत नाही. शिवाय बोलणं, फोटो, तिकिटं, पैसे सगळं त्याच एका बॅटरीवर असतं.

तुमच्या गटासाठी माझं उत्तर: सहाही जणांसाठी यंत्रं घेऊ नका. नकाशाची दोन यंत्रं पुरे, एक पुढे चालणाऱ्याकडे आणि एक सर्वांत शेवटी राहणाऱ्याकडे. बाकीच्यांच्या फोनमध्ये ऑफलाइन नकाशा आणि सगळ्या दिवसांचे ट्रॅक असू द्या, पण फोन पिशवीत.

मार्ग वाटताना लिंक पाठवू नका, फाइल पाठवा. लिंक उघडणाऱ्याच्या ॲपमध्ये सायकलचा प्रकार वेगळा निवडलेला असला की काही ठिकाणी मार्ग पुन्हा मोजला जातो आणि दोघांच्या रेघा गुपचूप वेगळ्या होतात. दर दिवसाची वेगळी फाइल करा. नावाच्या सुरुवातीलाच दिवसाचा क्रमांक घाला, कारण छोट्या पडद्यावर पुढची अक्षरं कापली जातात. नाव रोमन लिपीत ठेवा. काही यंत्रांत देवनागरी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. मार्ग बदलला तर नव्या फाइलला नवा आवृत्ती क्रमांक द्या आणि जुनी सगळ्यांना काढून टाकायला लावा.

शेवटी एक चाचणी. जवळपासचा २० किलोमीटरचा मार्ग आखा, त्यात एक तुकडा जाता-येता तोच ठेवा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि मध्ये मुद्दाम एक वळण चुकवा. यंत्र किती वेळाने सांगतं, परत रेघेवर आणतं की नवाच रस्ता काढतं, सूचना वळणाच्या किती आधी येते, हे एका फेरीत कळतं. ही चाचणी निघण्याच्या आठवडाभर आधी उरका, आणि त्यानंतर सहल संपेपर्यंत यंत्राचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करू नका.